घरत बाईंची पहिली

मच्छीच्या थाळीसाठी म्हणून मी हात वर केला, आणि माझ्या केंद्रातल्या सगळ्या शाळांची पहिली इयत्ता इंग्रजीत गेली.

झालं ते असं. तालुक्याच्या सभागृहात मुख्याध्यापकांची आणि आम्हा केंद्रप्रमुखांची सभा होती. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवरचा हरकाम्या. वरून आलेलं परिपत्रक खाली पोचवायचं, खालून आलेले फोटो वर धाडायचे आणि मधल्या वेळात आपण साहेब आहोत असं समजायचं. व्यासपीठावर गटशिक्षणाधिकारी बोलत होते. जिल्ह्याचा नवा उपक्रम आला होता, नाव 'गगनझेप'. पहिलीपासून गणित इंग्रजीतून, आणि वर्गातलं बोलणंही होईल तितकं इंग्रजीतूनच. तालुक्यातल्या एका केंद्राने आधी करून दाखवायचं, मग बाकीच्यांनी त्याचा कित्ता गिरवायचा. स्वयंस्फूर्तीने कोण पुढे येतंय, असं साहेबांनी विचारलं. आणि नेमकं त्याच वेळी मागच्या दारातून कारकुनाने डोकं आत घालून, कोणी मच्छी खाणारं आहे का, हात वर करा, असं म्हटलं. त्या दिवशी संकष्टी होती. अख्खं सभागृह उपाशी. हात एकच वर गेला.

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, संकष्टीला मच्छी मागण्याच्या धैर्याचं कौतुक चाललंय. मी अर्धवट उठून नमस्कारही केला.

जेवणाच्या वेळी धाकट्या खारच्या घरत बाई साबुदाण्याची खिचडी घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. मी मान खाली घालून काटे काढत होतो. बाईंनी माझ्या ताटात वाकून बघितलं.

"काय आहे?"

"बांगडा."

"सुरमई तरी असायची, गुरुजी," बाई म्हणाल्या. "बांगड्यावर गेली माझी पोरं."

मला 'गुरुजी' म्हणणाऱ्या साऱ्या केंद्रात त्या एकट्या. बाकी सगळे साहेब म्हणत. खात्याची परीक्षा देऊन मी केंद्रप्रमुख झालो, तेव्हा मी एकदा आडून आडून सुचवून बघितलं होतं, की आता आपलं पद बदललंय. त्यावर बाई म्हणाल्या, पद बदललं म्हणून माणसाला शिव्या द्यायच्या नसतात.

धाकटं खार रेवसच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. दोन्ही बाजूंना खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल, मधून बांध, आणि बांध संपतो तिथे शाळा. शाळेच्या एका अंगाला आगऱ्यांचं गाव, दुसऱ्या अंगाला कातकरवाडी. गावातल्या पोरांच्या आयासुद्धा बाईंच्याच हाताखालून गेलेल्या. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. साडी दोन बोटं वर खोचलेली, कारण बांधावर चिखल असायचा आणि नसला तरी सवय. खुर्ची वर्गात होती ती फक्त वह्या ठेवायला. बाई बसायच्या पोरांमध्ये, जमिनीवर, मांडी घालून. बाहेरून आलेल्या माणसाला वर्गात शिक्षक सापडत नसे.

आवाज मात्र बांधावरून ऐकू येई. बाईंचा नव्हे, पहिलीचा. जूनपासून दिवाळीपर्यंत त्या पहिलीचं पुस्तक उघडतच नसत. पोरं घरी जी बोलतात तीच भाषा वर्गात. गावची पोरं आगरीत, वाडीची पोरं कातकरीत, आणि बाई दोन्हींत. कोण काल भावाशी भांडलं, कोणाच्या बापाने किती जाळी लावली, कोणाची शेळी व्याली. त्यातूनच मोजणं, त्यातूनच अक्षर. दिवाळीनंतर पुस्तक निघे, तोवर पोरांना कळलेलं असे की शाळेत तोंड उघडलं तर कोणी खात नाही. एका भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने नाक मुरडून विचारलं होतं, हा काय मच्छीबाजार आहे? बाईंनी शांतपणे सांगितलं, की साहेब, बाजार बसला तरच गावाचं पोट भरतं.

या सगळ्यात त्यांचा जीव अडकलेला होता तो वाडीच्या पोरांत. दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जायची. बाई दर वर्षी घरोघर फिरून भांडून भांडून पोरं आज्यांपाशी ठेवून घ्यायच्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, की गावच्या पोराला शाळा नाही आवडली तर बाप त्याला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये घालील. वाडीचं पोर एकदा घरी गेलं की गेलं. शाळा जवळ आहे आणि शाळेत बोललेलं कळतं, या दोन गोष्टींवर ती पोरं येतात. त्यातली एक जरी काढलीत, तरी माझी शाळा संपली.

मी मान डोलावली होती. मान डोलावणं हा माझ्या पदाचा मुख्य भाग आहे.

जिल्ह्याकडून येणाऱ्या उपक्रमांबद्दल बाईंचं मत ठाम होतं. हे दीड दिवसाचे गणपती, म्हणायच्या. आणायचा, आरती करायची, फोटो काढायचा, बुडवायचा. फरक इतकाच, की गणपतीला निदान मोदक असतात. परिपत्रक मोबाईलवर आलं की त्या फोन हात लांब करून धरत, शिळं मावरं धरावं तसा, आणि नाकाला पदर लावत. हे त्या मुद्दाम मी समोर असताना करायच्या.

आणि वास खरंच येत असे हो. मी काय सांगू? आमच्या केंद्रात एक फ्लेक्स होता. वर जिल्ह्याचं नाव, खाली केंद्राचं, आणि मधे पांढरी जागा. त्या जागेवर उपक्रमाचं नाव कागदावर लिहून चिकटवायचं. हात धुण्याचा दिवस, वाचनाचा दिवस, पाण्याचा दिवस. ज्या शाळेत हात धुण्याचा फोटो काढला, त्या शाळेच्या नळाला पाणी नव्हतं. पोरं कोरडे हात कोरड्या नळाखाली चोळत हसत होती. तो फोटो जिल्ह्याला आवडला.

झाडांचं तर विचारूच नका. एका पावसाळ्यात एका दिवसात प्रत्येक शाळेत झाड लावून फोटो चढवायचा हुकूम आला. रोपं येणार होती, ती आली नाहीत. मग मी डोकं चालवलं. कुठून तरी आंब्याचं एक चांगलं हातभर रोप पिशवीसकट आणलं, स्कूटरवर पायांच्या मधे ठेवलं आणि शाळा घेत निघालो. प्रत्येक शाळेत खड्डा तयार. रोप खड्ड्यात ठेवायचं, सगळ्यांनी हात लावायचा, फोटो, रोप परत स्कूटरवर. चार शाळा अशा सुरेख झाल्या. स्वतःवर इतका खूश होतो, की पाचवी शाळा धाकट्या खारची आहे हे लक्षातच आलं नाही.

मी रोप खड्ड्यात ठेवलं, फोटो काढला आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून बाजूला गेलो. परत येतो तर पिशवी फाडलेली, माती लोटलेली, आणि पोरं ओंजळीने पाणी घालतायत. मी ओरडलो, की बाई, हे काय केलंत, अजून माझ्या निम्म्या शाळा राहिल्यात. बाईंनी कमरेवर हात ठेवले आणि पोरांना हाक मारून जवळ बोलावलं. म्हणाल्या, या रे, बघा, लावलेलं झाड उपटणारा गुरुजी कसा असतो ते बघा. आणि मला म्हणाल्या, "उपटा."

सगळी पहिली माझ्याकडे बघत होती. मी उपटलं नाही. उरलेल्या शाळांचे फोटो मी कण्हेरीच्या फांदीवर भागवले.

तर अशा बाईच्या डोक्यावर मी गगनझेप आणून ठेवली होती.

परत फिरण्याची एक वाट होती. शाळा व्यवस्थापन समितीने, म्हणजे पालकांच्या समितीने, नको असा ठराव केला, तर ती शाळा वगळता आली असती. बाईंनी सभा बोलावली. मी कोपऱ्यात बसलो. समितीचे अध्यक्ष नरेश शेठ. खारवट जमिनी गेल्या त्या पैशात डंपर घेतलेले, गळ्यात साखळी, मनाने वाईट नाही. शाळेला पंखे त्यांनीच दिलेले. वाडीच्या बाया मागे दाराशी बसल्या होत्या, नेहमीसारख्या, बोलावल्याशिवाय न बोलणाऱ्या.

बाईंनी समजावून सांगितलं, की इंग्रजी शिकवायला माझी ना नाही, भाषा म्हणून शिकवेन, आनंदाने शिकवेन. पण सहा वर्षांच्या पोराला जे घरी कोणीच बोलत नाही त्या भाषेत बेरीज सांगितली, तर त्याला बेरीजही येणार नाही आणि ती भाषाही येणार नाही. नरेश शेठ ऐकत होते. मग त्यांनी पाय लांब केले.

"बाई, एक इचारू? राग नका मानू. तुमची मुलगी कुठे शिकली?"

सगळ्यांना ठाऊक होतं. अलिबागला, इंग्रजी शाळेत. आता ती पनवेलला मोठ्या कंपनीत आहे. मला वाटलं, आता या उठून जातात.

"शिकली, शेठ. इंग्रजीतच शिकली," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी तिचं सगळं पुस्तक मी मराठीत उलगडून सांगत होते. तुमच्या घरी कोण आहे सांगायला?"

"टूशन लावू."

"आणि यांनी?" बाईंनी दाराकडे हात केला.

दाराकडे कोणी बघितलं नाही. पिवळ्या बसला कंटाळलेले बाप होते ते. गावातच, फुकटात इंग्रजी येतंय, तर नको कोण म्हणणार? त्यांचं तरी काय चुकलं? जिल्ह्याने त्यांना सांगितलं होतं की इंग्रजी येतंय. इंग्रजी शिकवणारं कोणी येत नव्हतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. आमच्या शिक्षकांना त्यासाठी अडीच दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, त्यातला अर्धा दिवस उद्घाटनाचा. गगनझेप हवीच, असा ठराव पुढच्या रांगांच्या हातांनी पास झाला. वाडीच्या बायांना हात वर करायचा असतो हेच कोणी सांगितलं नाही. बाईंनी मुख्याध्यापक म्हणून ठरावावर सही केली आणि पेनाचं टोपण लावताना मला म्हणाल्या, की पुढे बसणाऱ्यांच्या पोरांना बस आहे गुरुजी, आणि ठरावही त्यांचाच.

मला वाटलं होतं, बाई आता सही करून आपलं जुनंच चालू ठेवतील. आमच्याकडे निम्म्या उपक्रमांचं तेच होतं, आणि देवाच्या दयेने होतं. पण बाईंची खोड अशी, की फोटोपुरतं काही करायचं त्यांना जमत नसे. झाड लावलं तर लावलं, तशी गगनझेप लावली तर लावली. पोरांच्या डोक्यावरून जायला नको म्हणून रात्री मुलीला फोन करून करून धडे बसवले. भिंतीवर जिल्ह्याने पाठवलेले नियमांचे तक्ते लागले. त्यात एक नियम असा, की पाणी प्यायला, बाहेर जायला, परवानगी इंग्रजीतूनच मागायची. या एका नियमावर त्या माझ्याशी फोनवर दोनदा भांडल्या. मी म्हटलं, तक्ता लावा हो, पाळतंय कोण! पण जिल्ह्याचं पथक भेटीला येणार त्याच्या आदल्या आठवड्यात शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला वरून दम आला, आणि त्या बिचाऱ्याने तो नियम वर्गात पाळून घेतला.

मधल्या महिन्यांत मी खारला गेलो नव्हतो. जिल्ह्याचं पथक घेऊन गेलो तेव्हाच गेलो. बांधावर गाड्या थांबल्या आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खाजणात बगळे होते, वारा होता, सगळं होतं. शाळेतून आवाज येत नव्हता.

वर्गात पहिली रांगेत बसली होती. हाताची घडी. बाई एका बाजूला उभ्या होत्या. त्यांना उभ्याने मी तिथे पहिल्यांदा बघत होतो. पथकातले मोठे साहेब आत आले, त्यांनी चौफेर नजर टाकली आणि प्रसन्न झाले. वा, म्हणाले, शिस्त म्हणजे अशी. मला सांगितलं, अहवालात हे आलं पाहिजे. मी लगेच खिशातून पेन काढलं.

"शिस्त न्हाय ही साहेब," बाई म्हणाल्या. रागावल्या की त्या घरच्या बोलीत जात. "पोरा घाबरलीत."

साहेब हसले. वातावरण हलकं करावं म्हणून मी पुढे झालो. माझा हा गुणच आहे. मी पोरांपुढे उभा राहून दोन्ही हात हलवत इंग्रजीतलं एक बडबडगीत सुरू केलं, की पोरंही म्हणतील. कोणी म्हणेना. मी एकटाच, पन्नाशीचा माणूस, कमरेवर हात ठेवून उड्या मारत होतो. पुढच्या रांगेत वाडीची एक मुलगी होती, सोनी. ती माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. ओठ हलत होते. काहीतरी आठवत होती आणि ते आठवत नव्हतं.

मग तिच्या फ्रॉकखालून ओल पसरत आली. लादीचा उतार दाराकडे. ओघळ सावकाश साहेबांच्या बुटापर्यंत आला. साहेबांनी बूट उचलला, एक पाऊल मागे घेतलं, आणि खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

त्या रुमालाची मला अजून शिसारी आहे. ओघळाची नाही. माझ्या हातात पेन होतं, आणि मी गाणं थांबवलं नव्हतं. तोंड आपोआप चालू होतं.

बाईंनी पदराने लादी पुसली. सोनीला उचलून कडेवर घेतलं, त्या वयाच्या पोरीला, आणि दारात साहेबांना म्हणाल्या, "वाट द्या." वाट मिळाल्यावर वाडीकडे चालत गेल्या. भेट अर्ध्यावर संपली. बाईंबद्दल अहवालात 'उपक्रमाबाबत उदासीन' असा शेरा आला. केंद्राबद्दल आलं, 'वर्गनियंत्रण उल्लेखनीय'. आमचं केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं. मला शाल मिळाली.

सोनी परत आली नाही. मग तिच्या शेजारची दोन आली नाहीत, मग त्यांच्या शेजारची. बाई रोज शाळेआधी वाडीवर जात होत्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवाळीनंतर वाडी भट्टीवर गेली ती पोरं घेऊन. आज्यांपाशी कोणी ठेवलं नाही. पट खाली आला, आणि पट खाली आला म्हणून पुढच्या जूनमध्ये शाळाच खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत समायोजित झाली. हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा बघायचंय मला. गगनझेपेतलं इंग्रजी काय ते कळल्यावर गावची पोरं तोवर पिवळ्या बसने जाऊ लागलीच होती; नरेश शेठनी पंखे काढून देवळात दिले. बाईंचं निवृत्तीला थोडं उरलं होतं ते त्यांनी रजा टाकून संपवलं. निरोप समारंभ नको म्हणाल्या. फ्लेक्स तयार होता, नुसतं नाव चिकटवायचं होतं.

यंदा जिल्ह्याचा नवा उपक्रम आला, शाळाबाह्य मुलांचा शोध. आधी घालवायची, मग शोधायची. दोन्हीचे फोटो मीच चढवायचे. एकट्याने वाडीवर जायची माझी छाती नव्हती, म्हणून बाईंच्या घरी गेलो. बाई अंगणात सुकट वाळत घालत होत्या. मी आल्याचं कारण सांगितलं. त्यांनी सुकटीवरून हात फिरवणं थांबवलं नाही. केस बरेच पांढरे झालेत. सुकट पसरून झाल्यावर म्हणाल्या, येते, पण फोन खिशातून बाहेर काढलात तर खाडीत फेकीन. आणि चप्पल घालून माझ्या स्कूटरवर मागे बसल्या.

वाडीच्या तोंडाशीच पोरांनी त्यांना बघितलं. मग काय आवाज झाला! बाईंच्या साडीला, हाताला, पिशवीला पोरं लोंबकळली. सगळी एकदम बोलत होती आणि बाई सगळ्यांना एकदम उत्तर देत होत्या. माझ्याभोवती एक कुत्रं आलं, तेही निघून गेलं.

सोनीची आई, गोमी, दारात बसून कणगीला शेण-माती लिंपत होती. बाई तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. सोनी कुठून तरी आली आणि बाईंच्या मांडीला पाठ लावून बसली. मी उभाच. मोबाईल काढायची सोय नव्हती, म्हणून सर्वेक्षणातले प्रश्न आठवून विचारायला लागलो. पाल्य शाळाबाह्य होण्याचं कारण काय, असं विचारलं. गोमी बघत राहिली. मी वाक्य बदललं, नियमित उपस्थितीत कोणत्या अडचणी आहेत, म्हटलं. ती बाईंकडे बघायला लागली. बाई मदत करत नव्हत्या. त्या खाली बघून सोनीच्या वेणीतला काटा काढत होत्या. मग मी जरा रेटूनच बोललो. मोठ्या शाळेत टॅब आहेत, गणवेश आहे, होडीचा खर्च शासन देणार आहे, मुलीचं भविष्य आहे. पुष्कळ बोललो. चांगलं बोललो, असं मला वाटलं.

गोमीने हाताची माती कणगीला पुसली.

"बाई, ह्यो काय बोलतंय?"

"सोनीला शाळेत धाड म्हणतात," बाई म्हणाल्या.

"ह्यो गेलता शाळेत?"

"गेले होते की. पुष्कळ शिकलेत. साहेब आहेत."

गोमीने मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"मंग नको बाई," ती म्हणाली. "शिकून असा होत असंल, तर माझी पोर हाय तशी बरी."